तांबड्या ताऱ्यांच्या ज्वाळा आणि हैदराबादची वेधशाळा

चैत्र वद्यांतील एखाद्या निरभ्र रात्रीं नऊ-साडेनऊच्या सुमारास नांदेडास गोदावरीच्या घाटावर उभें राहून मान सरळ वर केली, तर सिंह राशीचा विळा अगदीं डोक्यावर आलेला दिसतो. विळ्याच्या मुठीशीं मघा नक्षत्राचा ठळक तारा, आणि त्याच्या उत्तरेस, पात्याच्या वळणावर, एक पिवळसर तारा. ह्या पिवळसर ताऱ्याला लागून, चंद्रबिंबाच्या रुंदीच्या पांचव्या हिश्श्याहूनहि कमी अंतरावर, आणखी एक तांबूस तारा आहे. तो नुसत्या डोळ्यांस दिसत नाहीं. लहान दुर्बिणींतून दिसतो. ज्योतिषी त्याला ए. डी. लिओनिस म्हणतात. तो नांदेडच्या खस्वस्तिकापासून एका अंशाच्याहि आंतून जातो आणि लातूरच्या खस्वस्तिकापासून सुमारें दीड अंशावरून. म्हणजे हा तारा रोज आपल्या माळवदांवरून जात आला आहे, आणि आपण त्याला कधीं पाहिलेलें नाहीं.

१२ एप्रिल १९८५ रोजीं ह्या ताऱ्यावर एक ज्वाळा उठली. अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांतल्या मॅक्डोनल्ड वेधशाळेंतून त्या वेळीं त्याचे वेध चालू होते. ती ज्वाळा शमावयास चार तासांहून अधिक काळ लागला. टेक्ससमध्यें रात्र होती, त्या अर्थीं आपल्याकडे दिवस होता. तेव्हां आपण ती पाहिली असती कीं नसती, हा प्रश्न त्या दिवशीं तरी उद्भवत नाहीं. परंतु अशा ज्वाळा त्या ताऱ्यावर वारंवार उठतात, आणि कित्येक वेळां रात्र आपल्याकडेहि असते.

श्रोतेहो, आज मला ह्या तांबड्या ताऱ्यांविषयीं बोलावयाचें आहे. परंतु तो विषय मी परक्या अंगणांतून सुरू करणार नाहीं. नांदेडच्या व लातूरच्या लोकांनीं ज्या राज्याला शेतसारा भरला, त्या राज्याची एक वेधशाळा होती. तांबड्या ताऱ्यांच्या इतिहासाशीं तिचा संबंध दोन ठिकाणीं येतो. एका ठिकाणीं तिनें हा तारा ज्या पट्ट्यांत आहे तो पट्टा मोजला, परंतु तारा तिच्या यादीच्या उंबऱ्याखालींच राहिला. दुसऱ्या ठिकाणीं तिच्या अंगणांत वाढलेल्या मुलानें असल्या ताऱ्यांच्या अंतरंगाची लिपि वाचण्यास मदत केली. ह्या दोन्ही गोष्टी आपल्या घरांतून फारशा सांगितल्या जात नाहींत.

प्रथम हे तारे कसे असतात तें पाहूं. सूर्याच्या निम्म्यापासून तों बाराव्या-तेराव्या हिश्श्यापर्यंत ज्यांचें वस्तुमान आहे, आणि ज्यांचा पृष्ठभाग सूर्याहून बराच थंड असल्यामुळें तांबडा दिसतो, त्यांस तांबडे बटुतारे म्हणतात. आपल्या आकाशगंगेंत चार ताऱ्यांपैकीं सुमारें तीन तारे ह्या जातीचे आहेत. असें असून त्यांतला एकहि तारा साध्या डोळ्यांस दिसत नाहीं. आकाशांत आपण जे पाहतों ते दूरचे श्रीमंत. शेजारपाजारची गरीब वस्ती आपल्याला दिसतच नाहीं. सूर्याच्या खालोखाल आपल्याला जवळ असलेला तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, हाहि तांबडा बटुताराच आहे, आणि तोहि दुर्बिणीवांचून दिसत नाहीं.

असा मंद तारा शांत असेल अशी कोणाचीहि समजूत व्हावी. वस्तुस्थिति उलटी आहे. चुलीवर आधण उकळूं लागलें म्हणजे तळचें पाणी वर येतें व वरचें खालीं जातें. सूर्यांत असें उकळणें बाहेरच्या थरापुरतेंच चालतें. लहान बटुताऱ्यांत तें केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत सर्वत्र चालतें. ताऱ्याचा वायु विद्युद्भारित असतो. असा वायु एकीकडे उकळत राहिला आणि दुसरीकडे तारा स्वतःभोंवतीं फिरत राहिला, म्हणजे चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें, आणि त्याच्या बलरेषा पिळल्या जाऊन पृष्ठभागाबाहेर कमानी टाकतात. कोठें तरी हा पीळ असह्य होतो. रेषा तुटतात व नव्या तऱ्हेनें जुळतात. सांठलेली शक्ति थोड्या मिनिटांत बाहेर पडते. हीच ज्वाळा. सूर्यावरहि ज्वाळा उठतात, परंतु सूर्य स्वतः इतका तेजस्वी आहे कीं त्याच्या एकंदर प्रकाशांत त्या हरवून जातात. बटुताऱ्याचा स्वतःचा दिवा मिणमिणता. त्याच्यावर तितकीच ज्वाळा उठली तरी सगळें घर उजळतें. शिवाय तेथें उठणाऱ्या ज्वाळा पुष्कळदां सूर्याच्या ज्वाळांहून कितीतरी मोठ्या असतात.

आतां वेधशाळेकडे वळूं. हैदराबादचे एक सरदार नवाब जफर जंग यांना ज्योतिषाचा नाद होता. त्यांनीं विलायतेहून ग्रब कंपनीची पंधरा इंची दुर्बीण आणविली आणि १९०१ मध्यें आपल्या जागेंत वेधशाळा उभारण्यास आरंभ केला. निजामाच्या परवानगीनें तिला निजामिया हें नांव मिळालें. सरदारांचे नाद बहुधा त्यांच्याबरोबर संपतात. हा नाद मात्र टिकला. १९०७ मध्यें जफर जंग वारले, आणि पुढल्याच वर्षीं, १९०८ मध्यें, संस्थानानें ती वेधशाळा आपल्या ताब्यांत घेतली. चॅटवुड हे तिचे पहिले संचालक झाले. त्यांच्या मागून १९१४ मध्यें पोकॉक आले, आणि १९१८ मध्यें पोकॉक वारल्यावर टी. पी. भास्करन् यांच्याकडे सूत्रें आलीं. तीं त्यांनीं १९४४ पर्यंत सांभाळलीं. मधल्या काळांत, १९१९ मध्यें, वेधशाळा उस्मानिया विद्यापीठास जोडली गेली.

ह्या वेधशाळेनें हातीं घेतलेलें मुख्य काम फार मोठें होतें. १८८७ मध्यें पॅरिस येथें देशोदेशींच्या ज्योतिष्यांची परिषद भरली होती, आणि सबंध आकाशाचीं छायाचित्रें घेऊन अकराव्या प्रतीपर्यंतच्या प्रत्येक ताऱ्याचें स्थान मोजावयाचें असें तिनें ठरविलें. आकाशाचे पट्टे पाडून निरनिराळ्या वेधशाळांस वांटून दिले गेले. दक्षिण क्रांतीचा सतरा ते तेवीस अंशांचा पट्टा चिली देशांतील सांटियागोच्या वेधशाळेकडे होता. तिच्याकडून तो पुरा झाला नाहीं आणि हैदराबादकडे आला. भारतांतून ह्या कार्यांत भाग घेणारी ही एकटीच वेधशाळा. ह्या दक्षिण पट्ट्याचीं छायाचित्रें मुख्यतः १९१४ ते १९२९ ह्या काळांतलीं आहेत. पुढें जर्मनींतील पॉट्सडॅमकडे असलेल्या उत्तर पट्ट्यांतला छत्तीस ते एकोणचाळीस अंशांचा भागहि हैदराबादनेंच उचलला.

हें काम कसें चालत असे, तें थोडें सांगितलें पाहिजे. कारण त्यावांचून त्याची चिकाटी कळावयाची नाहीं. एकेका कांचेवर आकाशाचा दोन अंश लांब व दोन अंश रुंद असा तुकडा उतरे. तिच्यावर बारीक चौकड्यांची जाळी आधींच उमटविलेली असे. मग सूक्ष्मदर्शकाखालीं ती कांच ठेवून प्रत्येक ताऱ्याचा ठिपका आपल्या चौकडींत कोठें पडला आहे हें मोजावयाचें, दुसऱ्यानें तें लिहावयाचें, आणि कांच उलटी फिरवून पुन्हां सर्व मोजावयाचें. अशा शेंकडों कांचा आणि लाखों ठिपके. मोजणारे पगारी नोकर होते. त्यांचीं नांवें खंडांच्या मुखपृष्ठावर आलीं नाहींत. आपल्याकडे पटवाऱ्याच्या हाताखालीं शिवारें मोजणाऱ्यांचेंहि असेंच झालें आहे.

ह्या खर्चाचा पैसा कोठून येई? संस्थानाच्या खजिन्यांतून, आणि त्या खजिन्यांत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद ह्या पांच मराठी जिल्ह्यांच्या शेतसाऱ्याचा वांटा होता. लातूर त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्यांत मोडे. त्याचा निराळा जिल्हा झाला तो १९८२ मध्यें. नांदेडहून हैदराबादेस गोदावरी खोऱ्याची रेल्वे जात असे, लातूरला १९११ पासून बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी होती. त्या गाड्यांतून कापूस गेला, ज्वारी गेली, वरच्या शिक्षणासाठीं मुलेंहि गेलीं. निजामी राजवटीची आठवण मराठवाड्यांत गोड नाहीं, आणि ती तशी नसण्यास सबळ कारणें आहेत: मातृभाषेंतून उच्च शिक्षण नाहीं, लोकांस जबाबदार राज्यकारभार नाहीं, आणि अखेरच्या काळांत रझाकारांचा धुमाकूळ. त्या आठवणींतून कांहीं वजा करावें असें मी म्हणत नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, ज्या रयतेनें त्या राज्याचा जाच सोसला, तिनेंच ह्या कांचांचे पैसे दिले आहेत, आणि तेव्हां ह्या कामावरचा आपला हक्क आपण विनाकारण सोडून देऊं नये. तो पट्टा निजामाचा जेवढा, तेवढाच अर्धापूरच्या किंवा औशाच्या कुळांचाहि आहे.

आणि त्या पट्ट्यांत काय होतें? तिमिंगल नावाच्या तारकासमूहांत, दक्षिण क्रांतीच्या सुमारें अठराव्या अंशावर, आपल्यापासून पावणेनऊ प्रकाशवर्षांच्या आंत एक अत्यंत मंद तांबडें जोडपें आहे. ज्याच्यावरून ज्वाळा टाकणाऱ्या सगळ्या बटुताऱ्यांच्या वर्गाला नांव पडलें, तो यू. व्ही. सेटी ह्या जोडप्यांतला एक. मार्गशीर्षांत रात्रीं नवाच्या सुमारास तो नांदेडहून दक्षिणेस, क्षितिजापासून पन्नास-बावन्न अंश वर असतो. हैदराबादनें मोजलेल्या सतरा ते तेवीस अंशांच्या पट्ट्यांत तो पुरता येतो. परंतु यादी अकराव्या प्रतीपर्यंतची, आणि हा तारा एरवीं बाराव्या-तेराव्या प्रतीचा. यादीच्या उंबऱ्याच्या खालीं तो राहिला.

ह्यांत वेधशाळेचा दोष नव्हता. पॅरिसच्या परिषदेनें घालून दिलेली रीतच अशी होती कीं, प्रत्येक ताऱ्याची एकदां गांठ घ्यावयाची, त्याचें स्थान लिहावयाचें आणि पुढें जावयाचें. शिरगणतीचा कारकून दारांत येतो तेव्हां घरांत भांडण चालू असेलच असें नाहीं. बटुताऱ्याची ज्वाळा मिनिटा-दोन मिनिटांत चढते व त्यानंतर कांहीं मिनिटांत, क्वचित् कांहीं तासांत, उतरते. ती पाहावयाची तर एकाच ताऱ्याच्या दारांत बसून राहिलें पाहिजे. म्हणूनच ह्या ज्वाळा प्रथम दिसल्या त्या अपघातानें. १९२४ मध्यें हर्ट्झस्प्रुंग ह्या ज्योतिष्याला एका मंद ताऱ्याचें तेज छायाचित्रांत एकाएकीं वाढलेलें आढळलें. तेव्हां एखादा लघुग्रह ताऱ्यावर आदळला असावा, असा तर्क त्यानें केला. तर्क चुकीचा ठरला, परंतु त्याला हंसण्याचें कारण नाहीं. मंद ताऱ्याच्या पोटांत इतकें कांहीं असेल, ही कल्पना त्या वेळीं लघुग्रहाच्या टकरीहून अधिक विलक्षण होती.

पुढचा प्रसंग १९४८ चा. त्या वर्षीं लायटन ह्या ज्योतिष्याला तिमिंगलांतील तें जोडपें त्याच्या मोठ्या निजगतीवरून सांपडलें. ७ डिसेंबर १९४८ च्या रात्रीं अमेरिकेंत कार्पेंटर हे त्याचें अंतर मोजण्याच्या हेतूनें एकाच कांचेवर ओळीनें पांच छायाचित्रें घेत होते. त्या पांचांत ताऱ्याचा ठिपका एका ठिकाणीं फुगलेला निघाला: कांहीं मिनिटांत तेज सुमारें बारा पट वाढलें होतें. १९५२ मध्यें तोच तारा वीस सेकंदांत पंचाहत्तर पट तेजस्वी झालेला पाहण्यांत आला. डिसेंबर १९४८ हा महिना आपल्या घरांतून वेगळ्याच कारणानें लक्षांत आहे. १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान भारतांत सामील होऊन तीन महिनेहि झाले नव्हते, आणि नांदेड-लातूरकडील गांवें सोडून गेलेलीं माणसें परत येत होतीं. आपल्या पट्ट्यांतला तारा त्या थंडींत पेटला होता, हें कळावयास कोणाला सवड नव्हती, आणि असण्याचें कारणहि नव्हतें.

हैदराबादच्या त्या मोजणीचें पुढें काय झालें, तेंहि येथेंच सांगून टाकतों. तीं स्थानें कित्येक वर्षें जाड खंडांत पडून होतीं, आणि लोक म्हणूं लागले होते कीं हा श्रम व्यर्थ गेला. नंतर हिपार्कोस हा कृत्रिम उपग्रह आकाशांत गेला व त्यानें ताऱ्यांचीं नवीं स्थानें मोजलीं. नवें स्थान व जुनें स्थान यांतील फरकावरून ताऱ्याची निजगति निघते. आणि जुनें स्थान जितकें जुनें, तितकी ती अधिक अचूक. २००० मध्यें प्रसिद्ध झालेल्या पंचवीस लाख ताऱ्यांच्या टायको यादींत निजगति काढण्यास पॅरिस परिषदेच्या त्याच जुन्या मोजणीचा आधार घेतला आहे, आणि त्यांत हैदराबादचे पट्टे आहेत.

दुसरा धागा माणसाचा आहे. निजामिया वेधशाळेंत मनाली बापू या नांवाचे एक केरळी गृहस्थ नोकरीस होते. त्यांचा मुलगा वेणु याचा जन्म १० ऑगस्ट १९२७ चा. दुर्बिणीच्या घुमटाखालीं हा मुलगा वाढला. हैदराबादेस निजाम कॉलेजांत शिकला. आणि पदवीपूर्वीच रूपविकारी ताऱ्यांचे वेध घेऊन त्यावर लिहूं लागला. रूपविकारी तारा म्हणजे ज्याचें तेज बदलतें तो. त्याचें निरीक्षण करणारा मनुष्य एकदां पाहून उठत नाहीं, रात्रीमागून रात्री त्याच ताऱ्याकडे जातो. मला वाटतें, यादी करणाऱ्या वेधशाळेंत राहून हा मुलगा जी गोष्ट यादींत बसत नाहीं तिच्याकडे वळला, यांत त्याच्या पुढल्या आयुष्याचें बीज आहे. हैदराबाद सरकारच्या शिष्यवृत्तीवर तो १९४९ मध्यें हार्वर्डला गेला. त्याच वर्षीं जुलैंत त्याला एक धूमकेतु सांपडला. बोक व न्यूकर्क यांच्या नांवाबरोबर त्याचेंहि नांव त्या धूमकेतूस आहे. १९५२ मध्यें डॉक्टरेट मिळवून वेणु बापू कॅलिफोर्नियाच्या वेधशाळांत गेले व तेथें ऑलिन विल्सन यांच्याशीं त्यांचा सहवास घडला.

ताऱ्याचा प्रकाश लोलकांतून पसरला म्हणजे त्याच्या वर्णपटांत काळ्या रेषा दिसतात. जांभळ्या टोकाकडे कॅल्शियमच्या दोन रुंद काळ्या रेषा असतात. त्यांना एच् व के अशीं नांवें आहेत. कित्येक थंड ताऱ्यांत ह्या काळ्या रेषेच्या पोटांत, अगदीं मध्यभागीं, एक बारीक उजळ रेघ असते. ती ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या विरळ व तापलेल्या थरांतून, म्हणजे वर्णगोलांतून येते. सूर्यावरहि जेथें जेथें चुंबकीय क्षेत्र बळावलेलें असतें, तेथें तेथें ही रेघ उजळ असते. विल्सन यांनीं अशा ताऱ्यांचे वर्णपट कित्येक वर्षें जमविले होते; बापू व विल्सन यांनीं १८५ ताऱ्यांच्या उजळ रेघांची रुंदी मोजली आणि १९५७ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केला. रेघ जितकी रुंद तितका तारा स्वभावतः अधिक तेजस्वी. आणि हा नियम तेजाच्या दहा लाख पटींच्या अंतरापर्यंत सरळ चालतो. ह्यास विल्सन-बापू परिणाम असें नांव मिळालें. आजहि जगांतील खगोलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तें नांव आहे.

येथें एक सूक्ष्म गोष्ट आहे. रेघेची रुंदी ताऱ्याचें तेज सांगते. रेघेचा उजळपणा मात्र निराळेंच सांगतो. एकाच रुंदीच्या दोन ताऱ्यांत एकाची रेघ फिकी असेल, दुसऱ्याची लखलखीत. आणि ती लखलख चुंबकीय खळबळीची खूण आहे. विल्सन यांनीं पुढें ह्या उजळपणाचाच पाठलाग केला. १९६६ पासून माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणींतून ते एक्याण्णव ताऱ्यांची रेघ पुन्हां पुन्हां मोजीत राहिले, आणि १९७८ मध्यें त्यांनीं दाखवून दिलें कीं सूर्याच्या डागांचें जसें अकरा वर्षांचें चक्र आहे, तशीं चक्रें दुसऱ्या ताऱ्यांवरहि आहेत. बारा वर्षें तोच तोच तारा पाहणें हें काम आपल्या पॅरिसच्या यादीच्या अगदीं विरुद्ध टोकाचें. चिकाटी मात्र तीच.

तांबड्या बटुताऱ्यांचें चुंबकत्व मग दुसऱ्या वाटांनींहि उघड होत गेलें. १९५२ मध्यें क्रॉन यांनीं पुनर्वसूंतील कॅस्टर ताऱ्याच्या मंद तांबड्या सोबत्यावर काळे डाग असावेत असें दाखविलें. सूर्यावरील डागांच्या मानानें ते अवाढव्य होते. चुंबकीय क्षेत्रांत वर्णपटाच्या रेषा फुटून रुंद होतात, हा झीमन यांचा १८९६ चा शोध. त्याचा उपयोग करून १९८५ मध्यें सार व लिन्स्की यांनीं आरंभीं सांगितलेल्या ए. डी. लिओनिसचें क्षेत्र मोजलें, तें सुमारें ३,८०० गॉस निघालें, आणि तेंहि त्याच्या पृष्ठभागाच्या बहुतेक भागावर. सूर्याच्या मोठ्या डागांत साधारण तेवढेंच क्षेत्र सांपडतें, परंतु डाग म्हणजे सूर्याच्या अंगावरचा तीळ. ह्या ताऱ्याचें बहुतेक अंगच त्या डागासारखें.

ज्वाळा ऐकूंहि येतात, हें सांगितलें म्हणजे नभोवाणीच्या श्रोत्यांस आनंद होईल. १९५८ पासून इंग्लंडांतील जॉड्रेल बँकच्या अडीचशें फुटी दुर्बिणीनें लॉव्हेल यांनीं ज्वाळा टाकणाऱ्या ताऱ्यांकडे कान लावला. पुढें अमेरिकेंतील व्हिपल यांच्याशीं संगनमत करून त्यांनीं कृत्रिम उपग्रहांचा माग काढण्याकरितां निरनिराळ्या देशांत बसविलेल्या कॅमेऱ्यांची मदत घेतली, म्हणजे डोळा व कान एकाच वेळीं एकाच ताऱ्यावर राहतील. प्रकाशांत ज्वाळा उठली तेव्हां रेडिओंतहि गर्जना आली, असें १९६३ मध्यें त्यांनीं जाहीर केलें. त्या बारा कॅमेऱ्यांपैकीं एक नैनितालास होता. आणि नैनितालची वेधशाळा उभी करणारे गृहस्थ वेणु बापूच होते. १९५३ मध्यें परत आल्यावर त्यांनीं उत्तर प्रदेशची वेधशाळा घडविली, १९६० मध्यें कोडाईकनालचा भार घेतला, आणि पुढें तामिळनाडूंत कावलूर येथें वेधशाळा स्थापिली. १९७९ मध्यें ते आंतरराष्ट्रीय खगोल संघाचे अध्यक्ष झाले. १९ ऑगस्ट १९८२ रोजीं म्यूनिक येथें त्यांचें निधन झालें. निजामिया वेधशाळेचा वारसा उस्मानिया विद्यापीठानें जपाळ-रंगापूर येथें नेला. तेथें १९६८ मध्यें अठ्ठेचाळीस इंची दुर्बीण बसली, आणि प्रा. कृ. दा. अभ्यंकर यांनीं विद्यापीठांतील ज्योतिषविभागाचें अनेक वर्षें नेतृत्व केलें. महाराष्ट्रांत पुणें जिल्ह्यांतील खोडद येथें पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. ज्या लांब लहरींवर ती ऐकते, त्याच लहरींवर ह्या ताऱ्यांच्या गर्जना येत असतात.

कोणी विचारील, एका मंद ताऱ्यावर ज्वाळा उठली काय अन् न उठली काय, आपल्याला त्याचें काय? १९५० पूर्वीं ह्या प्रश्नाला उत्तर देणें कठीण गेलें असतें. आतां तें कठीण नाहीं. २०१६ मध्यें प्रॉक्झिमा सेंटॉरीभोंवतीं पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचा एक ग्रह सांपडला. तो ११.२ दिवसांत ताऱ्याभोंवतीं फिरतो, आणि ताऱ्यापासून अशा अंतरावर आहे कीं वातावरण असल्यास तेथें पाणी द्रवरूपानें राहूं शकेल. बटुतारे जर सर्वांत अधिक, तर अशा ग्रहांची संख्याहि फार मोठी असणार. आणि विश्वांत जीवसृष्टि किती, ह्या प्रश्नाचा निकाल पुष्कळसा ह्या तांबड्या शेजाऱ्यांच्या स्वभावावर लागणार. चूल मंद असली म्हणजे ऊब घेण्यासाठीं अगदीं जवळ बसावें लागतें. आणि जवळ बसणाऱ्याच्याच अंगावर ठिणग्या उडतात.

प्रॉक्झिमाच्या ठिणग्यांचा हिशेब जुना आहे. १९५१ मध्यें शॅप्ले यांनीं हार्वर्डच्या जुन्या कांचा काढून त्याचीं छायाचित्रें तपासलीं, तेव्हां सुमारें आठ टक्के छायाचित्रांत तो वाजवीहून तेजस्वी निघाला. हैदराबादच्या कांचा एकेका ठिकाणच्या मोजक्याच असत. हार्वर्डनें त्याच आकाशाचीं छायाचित्रें पुन्हां पुन्हां घेतलीं होतीं, म्हणून हा हिशेब निघूं शकला. मार्च २०१६ मध्यें त्याच्यावर अशी ज्वाळा उठली कीं, त्याचें तेज सुमारें अडुसष्ट पट झालें, आणि तो तारा क्षणभर साध्या डोळ्यांच्या टप्प्याजवळ आला. १ मे २०१९ रोजीं अतिनील किरणांत त्याचें तेज कांहीं सेकंदांत सुमारें १४,००० पट वाढलेलें नोंदलें गेलें. अशा किरणांचा मारा कोट्यवधि वर्षें होत राहिला, तर ग्रहाचें वातावरण उडून जाईल. कीं ग्रहाचें स्वतःचें चुंबकीय क्षेत्र त्याला संभाळून घेईल? ज्योतिष्यांत ह्याविषयीं एकमत नाहीं. २०१७ मध्यें भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहानें अमेरिकेच्या चंद्रा व हबल ह्या दुर्बिणींच्या सोबतीनें प्रॉक्झिमाचे क्ष-किरणांत व अतिनील प्रकाशांत वेध घेतले. ॲस्ट्रोसॅटवरची सौम्य क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत घडली होती.

वैशाखाच्या अखेरीस, मृगाचे ढग येण्यापूर्वीं, लातूरच्या बाहेर दक्षिणेकडचें क्षितिज मोकळें असेल अशा माळावर रात्रीं दहाच्या पुढें उभें राहावें. नरतुरंगांतील मित्र हा ठळक तारा क्षितिजावर हातभर वर आलेला दिसतो. प्रॉक्झिमा त्याच्याच शेजारीं, त्याच्याहून दोनेक अंशांनीं अधिक दक्षिणेस, क्षितिजापासून केवळ नऊ अंशांवर असतो. धुळीच्या थरांतून बऱ्यापैकीं दुर्बिणीनेंहि तो कष्टानेंच सांपडेल. त्याचा जो प्रकाश त्या रात्रीं आपल्यापर्यंत येईल, तो सव्वाचार वर्षांपूर्वीं निघालेला असेल.